हजार फुटांचे अंतर

चरखी दादरी हे हरियाणातील शेतीप्रधान गाव दिल्लीच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर वसलेले आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी दिवस मावळून अंधार दाटू लागला होता. दिवाळीचे दिवस होते. सायंकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांच्या सुमारास आकाशात एकाएकी तांबडा उजेड पसरला आणि काही क्षणांतच आसपासच्या शेतांवर जळते अवशेष कोसळू लागले. त्याच सुमारास अमेरिकी हवाई दलाचे एक मालवाहू विमान त्या भागातून दिल्लीकडे येत होते. ढगामध्ये मोठा प्रकाश दिसल्याचे त्याच्या वैमानिकाने दिल्लीच्या नियंत्रकाला कळविले. नियंत्रकाच्या पडद्यावरील दोन ठिपके तोपर्यंत नाहीसे झाले होते. दोन्ही विमानांना हाका देणे सुरू होते, पण उत्तर येत नव्हते.

त्या दोन ठिपक्यांपैकी एक होते सौदी अरेबियाचे बोइंग ७४७. दिल्लीहून निघून ते धाहरानकडे चालले होते आणि त्यात ३१२ माणसे होती. आखाती देशांत पोटापाण्यासाठी जाणाऱ्या भारतीयांचा त्यांत मोठा भरणा होता. दुसरे होते कझाकस्तानचे इल्युशिन-७६. शिमकेंटहून दिल्लीकडे येणाऱ्या या विमानात ३७ जण होते. ३४९ जणांपैकी एकही वाचला नाही. दोन विमानांची हवेत टक्कर होऊन इतकी जीवितहानी झाल्याचे दुसरे उदाहरण आजही जगात नाही.

या दुर्घटनेत इंजिन बंद पडले नव्हते, घातपात नव्हता आणि वादळही नव्हते. दोन्ही विमाने सुस्थितीत उडत होती. नियंत्रकाने दिलेल्या सूचना नियमाला धरून होत्या. मग घडले काय, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर शोधताना विमानप्रवासाची सुरक्षितता कशावर उभी आहे, हेही उलगडत जाते.

एकच वाट, दोन दिशा

दिल्लीच्या भोवतालचे पुष्कळसे आकाश त्या काळी संरक्षण दलांसाठी राखीव होते. त्यामुळे पश्चिमेकडून येणाऱ्या आणि त्या दिशेला जाणाऱ्या नागरी विमानांना एकच हवाई मार्ग वापरावा लागे. अरुंद घाटरस्त्यावर समोरासमोर येणाऱ्या वाहनांसारखीच ती स्थिती होती. फरक एवढाच, की आकाशात वर आणि खाली अशी आणखी एक दिशा उपलब्ध असते. तिचा उपयोग करून विमानांना वेगवेगळ्या उंचीवर ठेवता येते. दोन विमानांमध्ये उभे अंतर किमान एक हजार फूट, म्हणजे सुमारे तीनशे मीटर, असावे हा हवाई वाहतुकीतील मूलभूत नियमांपैकी एक आहे.

त्या संध्याकाळी नियंत्रकाने कझाक विमानाला १५ हजार फुटांपर्यंत खाली येण्याची अनुमती दिली होती, तर सौदी विमानाला १४ हजार फुटांवर थांबण्यास सांगितले होते. समोरून बोइंग येत असल्याची कल्पनाही त्याने कझाक विमानाला दिली होती. दोन्ही विमाने आपापल्या उंचीवर राहिली असती, तर ती एकमेकांच्या वरून आणि खालून निघून गेली असती. प्रवाशांना त्याचा पत्ताही लागला नसता. जगात दररोज अशा असंख्य भेटी होतात आणि बातमी होण्याजोगे काही न घडता पार पडतात.

कझाक विमान मात्र १५ हजारांवर थांबले नाही. ते उतरतच राहिले. नियंत्रकाला हे दिसले का नाही, असा प्रश्न येथे कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर त्या वेळच्या रडारमध्ये आहे. डोंगरासमोर उभे राहून हाक दिली की प्रतिध्वनी परत येतो, त्याच तत्त्वावर साधे, म्हणजे प्राथमिक रडार चालते. ते रेडिओ लहरी सोडते, विमानावर आदळून परतलेल्या लहरी टिपते आणि त्यावरून विमानाची दिशा व अंतर सांगते. विमान किती उंचीवर आहे, हे त्याच्या पडद्यावर दिसत नाही. दुय्यम रडारची पद्धत निराळी आहे. ते विमानाला प्रश्न विचारते आणि विमानातील ट्रान्सपॉन्डर नावाचे उपकरण आपली ओळख व उंची कळवून त्याचे उत्तर देते. दिल्लीत असे रडार बसविण्याचे काम चालू होते, परंतु ते अद्याप वापरात आले नव्हते. त्यामुळे विमानाची उंची कळण्याचा नियंत्रकापाशी एकच मार्ग होता. वैमानिक सांगेल ती उंची खरी मानावी लागत होती.

शब्दांची किंमत

दोन विमानांमधले हजार फूट असे केवळ शब्दांवर तोललेले होते. ते शब्द कझाक विमानात ज्या रीतीने पोहोचत होते, तीच सर्वांत कच्ची कडी ठरली.

सोव्हिएत परंपरेनुसार त्या विमानात दोन वैमानिकांखेरीज नियंत्रणाशी बोलण्यासाठी स्वतंत्र रेडिओचालक होता. इंग्रजीत येणारा संदेश ऐकायचा आणि तो वैमानिकांना सांगायचा, हे त्याचे काम. वैमानिकांचे इंग्रजी जेमतेम होते. रेडिओचालकासमोर उंचीमापक नव्हता, विमानाची उंची पाहायची तर त्याला वैमानिकांच्या खांद्यावरून डोकवावे लागे. ज्याला शब्द समजत होता त्याच्यासमोर काटा नव्हता आणि ज्यांच्यासमोर काटा होता त्यांना शब्द नीट समजत नव्हता. त्यातच या मंडळींना उंची मीटरमध्ये मोजण्याची सवय होती आणि दिल्लीहून येणाऱ्या सूचना फुटांत होत्या. अखेरच्या क्षणांत आपण नेमून दिलेल्या उंचीच्या खाली आहोत हे रेडिओचालकाच्या ध्यानात आले. विमान वर घेण्याचा प्रयत्नही झाला, पण वेळ संपली होती. इल्युशिनच्या शेपटीचा भाग बोइंगच्या डाव्या पंखावर आदळला.

न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी यांच्या आयोगाने या दुर्घटनेची चौकशी केली. ढगांतील हादऱ्यांमुळे विमान खाली आले असावे, असे कझाक बाजूचे म्हणणे होते. नेमून दिलेली उंची सोडून कझाक विमान खाली आले, हेच टक्करीचे मूळ कारण असल्याचा निष्कर्ष आयोगाने काढला. मात्र दोष कोणाचा एवढे सांगून हा विषय संपला नाही. येणाऱ्या व जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे करण्यात आले. दुय्यम रडार कार्यान्वित झाले. टक्कर टाळण्याची यंत्रणा भारतीय आकाशात बंधनकारक झाली. भाषेचा प्रश्नही आंतरराष्ट्रीय पातळीवर गांभीर्याने घेतला गेला. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमानुसार २००८ पासून परदेशी उड्डाणे करणाऱ्या वैमानिकांना आणि ती हाताळणाऱ्या नियंत्रकांना ठरावीक पातळीचे इंग्रजी येणे आवश्यक ठरले आहे.

आकाशातील भाषेची शिस्त जमिनीवरच्या माणसाला विलक्षण वाटेल अशी आहे. नियंत्रकाने दिलेली महत्त्वाची सूचना वैमानिकाने परत म्हणून दाखवायची असते. केवळ ‘ठीक आहे’ म्हणून भागत नाही. परत म्हणताना चूक झाली, तर ती तिथल्या तिथे दुरुस्त करणे हे नियंत्रकाचे कर्तव्य असते. रेडिओच्या खरखरीत ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ हे आकडे एकमेकांसारखे ऐकू येऊ नयेत, म्हणून ते ‘फाइफ’ आणि ‘नायनर’ असे उच्चारले जातात. ‘टेक-ऑफ’ हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करताना तेवढा वापरायचा असतो. एरवी ‘डिपार्चर’ असे म्हणतात.

या शेवटच्या नियमामागे ५८३ मृत्यू आहेत. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांपैकी तेनेरिफच्या विमानतळावर दाट धुके उतरले होते. एक डच जंबो जेट धावपट्टीच्या टोकाशी उड्डाणासाठी सज्ज होते आणि त्याच धावपट्टीवरून एक अमेरिकी जंबो जेट हळूहळू पुढे सरकत होते. धुक्यामुळे दोघांना एकमेकांचे दर्शन नव्हते. नियंत्रकालाही दोघेही दिसत नव्हते. उड्डाणानंतर कोणत्या मार्गाने जायचे याची सूचना डच विमानाला मिळाली, तिच्यात ‘टेक-ऑफ’ हा शब्द आला होता. प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी अजून मिळायची होती. कप्तानाने विमान सोडले. ‘थांबा’ असे सांगणारा नियंत्रकाचा संदेश आणि ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ हा अमेरिकी वैमानिकाचा संदेश एकाच क्षणी निघाले, एकमेकांत मिसळले आणि डच कक्षात केवळ कर्कश आवाज पोहोचला. तेथील उड्डाण अभियंत्याने शंका काढली, की ते विमान अजून धावपट्टीवरून बाजूला झालेले नाही काय? कप्तान आपल्या संस्थेतील अत्यंत ज्येष्ठ व नामवंत वैमानिकांपैकी एक होता. त्याने ती शंका बाजूला सारली आणि अभियंता पुढे बोलला नाही. पुढे जगभरच्या वैमानिकांच्या प्रशिक्षणात एक नवा पाठ आला. कनिष्ठाने शंका स्पष्टपणे मांडावी आणि ज्येष्ठाने ती ऐकून घ्यावी, हे त्यांना आज विमान चालविण्याइतक्याच काळजीने शिकविले जाते.

कोणाचे ऐकावे?

चरखी दादरीनंतर बंधनकारक झालेली टक्कर टाळणारी यंत्रणा जमिनीवरील कोणावरही अवलंबून नसते. विमानातील हे उपकरण आसपासच्या विमानांच्या ट्रान्सपॉन्डरना सतत प्रश्न विचारते. धोका दिसताच ते आधी सावध करते. धोका वाढला तर दोन्ही विमानांतील उपकरणे आपसांत ठरवून एकाला ‘वर चढा’ आणि दुसऱ्याला ‘खाली उतरा’ असा आदेश देतात. अशी व्यवस्था झाल्यावर हा प्रश्न कायमचा सुटेल, असे वाटणे स्वाभाविक होते.

परंतु यंत्र एक सांगते आणि माणूस दुसरे, तेव्हा काय करायचे? ३१ जानेवारी २००१ रोजी जपानच्या आकाशात हा प्रसंग आला. यंत्राने एका विमानाला चढण्यास सांगितले, पण त्याच्या वैमानिकाने नियंत्रकाच्या सूचनेनुसार उतरणे चालू ठेवले. समोरच्या विमानाचे यंत्रही त्याला उतरण्यास सांगत होते. दोन्ही विमानांत मिळून ६७७ माणसे होती. अखेरच्या क्षणी डोळ्यांनी पाहून विमान वाकविल्यामुळे टक्कर टळली, मात्र त्या झटक्याने शंभराच्या आसपास प्रवासी जखमी झाले. अशा वेळी कोणाचे ऐकायचे याचा निःसंदिग्ध नियम हवा, हे जपानने आंतरराष्ट्रीय संघटनेच्या निदर्शनास आणून दिले. नियम लगेच बदलला नाही.

सतरा महिन्यांनी, १ जुलै २००२ च्या रात्री, जर्मनीच्या दक्षिण टोकाला युबरलिंगन गावावर हाच प्रसंग पुन्हा घडला. एक रशियन प्रवासी विमान आणि एक मालवाहू बोइंग ३६ हजार फुटांवर एकमेकांच्या वाटेत येत होते. तेथील आकाश झुरिकच्या केंद्राच्या ताब्यात होते. तेथे एकच नियंत्रक दोन जागा सांभाळत होता, कारण रात्री रहदारी कमी असली की दुसऱ्याने विश्रांती घ्यावी अशी प्रथा पडली होती आणि व्यवस्थापनाने ती चालू दिली होती. देखभालीच्या कामासाठी रडारची धोक्याची सूचना देणारी सोय बंद होती. मुख्य दूरध्वनी बंद होता आणि पर्यायी लाइनही नीट चालत नव्हती. शेजारच्या जर्मन केंद्रातील नियंत्रकांना संकट दिसत होते, ते दूरध्वनी करत होते, पण संपर्क होत नव्हता. एका मिनिटाहूनही कमी वेळ उरला असता झुरिकच्या नियंत्रकाच्या लक्षात हे आले आणि त्याने रशियन विमानाला खाली उतरण्यास सांगितले. विमानातील यंत्र वर चढण्यास सांगत होते. रशियन वैमानिकांनी माणसाचे ऐकले, बोइंगच्या वैमानिकांनी यंत्राचे ऐकले. दोन्ही विमाने एकत्रच खाली उतरत गेली. ७१ जण मृत्युमुखी पडले. सुट्टीसाठी स्पेनला निघालेली शाळकरी मुले त्यांत बहुसंख्येने होती.

त्यानंतर मात्र नियम पुरेसा स्पष्ट झाला. टक्कर टाळणाऱ्या यंत्राचा आदेश येताच वैमानिकाने तोच पाळायचा, नियंत्रकाची सूचना त्याच्याविरुद्ध असली तरीही. नियंत्रकानेही त्या वेळी त्या विमानांना वेगळी सूचना द्यायची नसते.

या घटनेला एक दुःखद शेवटही आहे. दुर्घटनेत पत्नी आणि दोन्ही मुले गमावलेल्या एका पित्याने २००४ मध्ये त्या नियंत्रकाच्या घरी जाऊन दारातच त्याचा प्राण घेतला. त्या पित्याचे दुःख कोणत्याही मापाने मोजता येणार नाही. तरीही ज्याच्यावर त्याने सूड उगवला, तो त्या रात्री एकट्याने दोन माणसांचे काम करीत होता. त्याच्या भोवतीची प्रत्येक सोय एकामागून एक निकामी करून ठेवलेली होती. २००७ मध्ये स्विस न्यायालयाने त्या संस्थेच्या चार अधिकाऱ्यांना दोषी ठरविले. शेवटचा हात ज्याचा लागला त्यालाच सगळा दोष देऊन समाधान मानले, की त्या हातापर्यंत चूक कशी चालत आली, ही वाट कोणी पाहत नाही. मग पुढची दुर्घटना त्याच वाटेने येते.

न दिसणारा वारा

माणसांच्या आणि यंत्रांच्या या गुंत्यात आणखी एक पक्ष असतो, तो म्हणजे हवामान. त्याच्याशी रेडिओवरून बोलता येत नाही.

२४ जून १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर उतरताना एक बोइंग ७२७ धावपट्टीच्या अलीकडेच कोसळले आणि ११३ जणांचा अंत झाला. तेथे त्या वेळी गडगडाटी पाऊस होता, परंतु त्याच वाटेने आधीची काही विमाने उतरली होती. मग याच विमानाला काय झाले? हे कोडे शिकागो विद्यापीठातील जपानी शास्त्रज्ञ तेत्सुया फुजिता यांच्याकडे आले. नागासाकीतील अणुस्फोटानंतर त्यांनी तेथील विध्वंसाची पाहणी केली होती. स्फोटाच्या जागेपासून झाडे चहूदिशांना बाहेरच्या बाजूस आडवी पडलेली त्यांनी पाहिली होती. पुढे अमेरिकेतील वादळांनंतर विमानातून टिपलेल्या काही छायाचित्रांत त्यांना तशीच आकृती आढळली. त्यावरून त्यांनी तर्क केला, की काही गडगडाटी ढगांतून थंड हवेचा एक झोत वेगाने खाली कोसळतो आणि नळाचे पाणी फरशीवर पडून पसरावे तसा जमिनीवर आदळून सर्व बाजूंना पसरतो. अनेक हवामानशास्त्रज्ञांना हे पटले नाही. १९७८ मध्ये शिकागोजवळ डॉप्लर रडार लावून निरीक्षणे झाली, तेव्हा असे झोत प्रत्यक्ष नोंदविले गेले आणि फुजितांचे म्हणणे खरे ठरले.

हा झोत विमानाला फसवतो. उतरणाऱ्या विमानाला त्यात शिरताना प्रथम समोरून जोराचा वारा लागतो. पंखांवरून जाणाऱ्या हवेचा वेग वाढून विमान वर उचलले जाते आणि वैमानिकाला इंजिनाचा जोर कमी करावासा वाटतो. काही सेकंदांत खाली दाबणारा वारा येतो आणि लगेच मागून येणारा. आता पंखांवरील हवेचा वेग घटतो, उचल नाहीशी होते आणि जमीन जवळ आलेली असते. हा सगळा खेळ चार किलोमीटरहून कमी रुंदीत आणि अवघ्या काही मिनिटांत आटोपतो. पाच मिनिटांपूर्वी उतरलेल्याला काही झाले नाही, हे पाच मिनिटांनी उतरणाऱ्यासाठी आश्वासन ठरत नाही. २ ऑगस्ट १९८५ रोजी अमेरिकेतील डॅलस येथे अशाच झोताने १३७ बळी घेतले. त्यानंतर अमेरिकेत प्रवासी विमानांत वाऱ्यातील असे फेरफार ओळखणारी उपकरणे बसविणे सक्तीचे झाले, मोठ्या विमानतळांवर खास डॉप्लर रडार आले आणि वैमानिकांना असा प्रसंग सरावयंत्रात पुन्हा पुन्हा दाखविला जाऊ लागला. या प्रकारच्या दुर्घटना तेथे मग जवळजवळ थांबल्या.

परत फिरण्याचे धैर्य

महाराष्ट्र, गोवा आणि केरळ यांच्या किनाऱ्यावर पावसाळ्याचे चार महिने हवामानाची ही कसोटी रोजचीच असते. मुसळधार सर, ओली धावपट्टी, बाजूने किंवा मागून येणारा वारा आणि क्षणात मिटणारी दृष्टी यांच्यापुढे वैमानिकापाशी एक साधा उपाय असतो. उतरण्याचा बेत सोडून इंजिनाला पूर्ण जोर द्यावा, विमान पुन्हा वर न्यावे, एक फेरी घ्यावी, किंवा सरळ दुसऱ्या विमानतळाकडे वळावे. धावपट्टीवर टेकता टेकता विमान पुन्हा उसळून वर गेले, की प्रवाशांच्या छातीत धस्स होते. खरे म्हणजे तो क्षण सुरक्षिततेचा असतो.

७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडच्या टेकडीवरील विमानतळावर दुबईहून आलेले एक विमान भर पावसात उतरू पाहत होते. पहिल्या प्रयत्नात ते परत वर गेले. दुसऱ्या प्रयत्नात मागून वारा असताना ते उतरले, पण चाके टेकली तोवर धावपट्टीचा जवळजवळ निम्मा भाग मागे पडला होता. उरलेल्या ओल्या पट्टीवर ते थांबू शकले नाही. टेकडीच्या कडेवरून खाली जाऊन त्याचे तुकडे झाले आणि दोन्ही वैमानिकांसह २१ जण मरण पावले. अशा स्थितीत उतरण्याचा प्रयत्न सोडून पुन्हा वर जायला हवे होते, तसे झाले नाही, असे चौकशी अहवालाने नोंदविले. एकदा परत फिरण्यापेक्षा दुसऱ्यांदा परत फिरणे मनाला अधिक कठीण जाते. उशीर झालेला असतो, घर समोर दिसत असते आणि ‘आता जमेल’ असे वाटू लागते. हा मोह सगळ्यांना असतो, विमान चालविणाऱ्यालाही.

चुकीची कबुली

१ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे येणारे एक विमान वादळी हवेत डोंगरावर आदळले आणि ९२ जण गेले. नियंत्रकाच्या परवानगीच्या शब्दांवरून आता खाली उतरण्यास हरकत नाही, असा वैमानिकांचा समज झाला होता. नियंत्रकाच्या मनात तसे नव्हते. तपासात उघड झाले, की सहाच आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीच्या वैमानिकांचा नेमका असाच गैरसमज होऊन ते त्याच डोंगरावर आदळता आदळता वाचले होते. त्यांनी ते आपल्या कंपनीला सांगितले आणि कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले. इतरांपर्यंत मात्र ती गोष्ट पोहोचली नाही.

त्यातून १९७६ मध्ये अमेरिकेत एक योजना सुरू झाली. वैमानिक, नियंत्रक किंवा तंत्रज्ञ आपली चूक वा थोडक्यात टळलेला धोका स्वतःहून कळवू शकतो. ती माहिती नासा ही संस्था घेते, कळविणाऱ्याचे नाव काढून टाकते आणि त्यातील बोध सर्वांपुढे ठेवते. जाणूनबुजून केलेला गुन्हा तिथे झाकला जात नाही. प्रामाणिक चुकीची कबुली देणाऱ्याला मात्र संरक्षण मिळते. पुढे अनेक देशांनी हा मार्ग स्वीकारला. जी चूक सांगितली तर शिक्षा होते, ती लपविली जाते, आणि लपविलेली चूक दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याला जशीच्या तशी येते. घरात, दुकानात, रुग्णालयात, शाळेत हेच घडत असते, पण तेथे ते इतके ठळकपणे दिसत नाही.

आज एखादे कुटुंब सणासाठी किंवा लग्नासाठी विमानतळावर येते आणि फलकावर उशिराची सूचना पाहते. दिल्लीत धुके असते, मुंबईवर पावसाचे ढग जमलेले असतात, एखादे विमान तासभर आकाशात घिरट्या घालून अहमदाबादकडे वळविलेले असते. काउंटरवरील तरुण कर्मचाऱ्यावर आवाज चढतो, ‘बाकीची विमाने उतरतात, मग आमचेच का नाही?’ असे विचारले जाते. केनेडी विमानतळावर त्या दुपारी आधीची विमाने खरोखरच उतरली होती. प्रवासी विमान चालवू शकत नाही, हे खरे. पण आसनाचा पट्टा दिवा विझल्यावरही बांधून ठेवणे, सुरक्षेच्या सूचना चालू असताना फोन बाजूला ठेवून ऐकणे, संकटात बाहेर पडायची वेळ आली तर पिशवी तिथेच सोडणे आणि ‘आज उतरता येणार नाही’ असे सांगणाऱ्या वैमानिकाबद्दल राग न धरणे, एवढे त्याच्या हाती असते.

दिल्लीच्या आकाशात आजही विमाने चरखी दादरीवरून येतात-जातात. त्यांची उंची आता नियंत्रकाच्या पडद्यावर आकड्यांत दिसते. समोरासमोर येण्याची वेळ आलीच, तर विमानातील यंत्र आधीच बोलू लागते. रेडिओवर एक आवाज उंची सांगतो, दुसरा आवाज तीच उंची परत म्हणून दाखवितो. हजार फुटांचे ते अंतर राखून दोन विमाने एकमेकांना ओलांडतात आणि आतील प्रवाशांपैकी बहुतेक जण झोपलेले असतात.